दुधात मिठाचा खडा

गुलाबी, अगदी तान्ह्या ठमीच्या नखांसारखा गुलाबी खडा चिमटीत धरून तो ओट्याशी उभा होता आणि इकडे भाजी खाली लागायला आली होती. किती कौतुकाने आणलं होतं हे मीठ! बायको अंगावर पाजतेय, तिला साधंसुधं कशाला. चांगलं, डोंगरातलं, शुद्ध... दुकानदार बोलत गेला आणि हा भुलत गेला.

सकाळी तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या गळ्यावरून बोटं फिरवली, थोडी सूज आहे म्हणाल्या, आणि मायलेकींचं रक्त घेतलं. आयोडीन कमी पडत असेल. आईला कमी, तर तिच्या दुधावरच्या बाळालाही कमी, आणि वाढत्या मेंदूला ते लागतंच. तो घाबरला. पण त्या भीतीच्या तळाशी एक चोरटा आनंदही हलला — "मग डब्याचं दूध सुरू करू या का? त्यात आयोडीन घातलेलं असतं ना?" त्याने इतक्या घाईने विचारलं की बायकोने वळून पाहिलं. डबा त्याने केव्हाच आणून वरच्या फळीवर ठेवला होता, 'लागला तर असावा' म्हणून. खरं कारण... मला ठमीला पाजायचं होतं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणं, सगळं माझ्याकडे; पण भूक लागली की ती माझ्या शर्टात तोंड खुपसते, फसते, आणि अशी काही भडकते, की वाटतं, आपण नुसते हमाल.

"असतं की," बाई म्हणाल्या, "पण अंगावरचं इतकं छान चाललंय, ते कशाला मोडता? आईच्या पोटात गेलं की दुधात उतरेल. गोळी लिहून देते. घरात मीठ कोणतं वापरता?"

बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. स्वयंपाक त्याचा.

"गुलाबी," तो म्हणाला.

"त्यात आयोडीन घातलेलं नसतं. साधं, आयोडीनवालं आणा. आणि भाजी उतरवल्यावर घाला, शिजताना आयोडीन उडून जातं."

येताना बायको रस्ताभर हसत होती. "लोक दुधात मिठाचा खडा पडू नये म्हणून जपतात, आणि आपल्याला मुद्दाम टाकायला सांगितलाय!" हसताना तिने त्याचा दंड मात्र घट्ट धरला होता.

खडा त्याने बरणीत परत टाकला. भाजी उतरवली, नवी पुडी फोडली. पांढरं, स्वस्त, काडीचाही रुबाब नसलेलं मीठ घालून तो ढवळायला लागला, आणि थांबला. म्हणजे हे इथून तिच्या ताटात, ताटातून तिच्या अंगात, आणि तिथून... अरे! म्हणजे इतके दिवस मी पाजतच होतो की.

आणि अळणी पाजत होतो.

लाज कुठली आणि आनंद कुठला, काही कळेना.

"मीठ जरा जास्तच पडलंय," जेवताना बायको म्हणाली.

"उद्या बेताने घालतो," तो म्हणाला, आणि तिच्या प्रत्येक घासाकडे बघत राहिला.

मग ती ठमीला घेऊन बसली. तो दाराच्या चौकटीला टेकला. डबा फळीवरच होता; रिपोर्ट परवा. ठमी मधेच थांबली, मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. "खाल्ल्या मिठाला जाग हं, ठमाबाई," तो लाडाने म्हणाला — आणि कोणत्या मिठाला, ते आठवून मनातून चरकला. ती पुन्हा प्यायला लागली. पुढचा घोट गिळल्याचा आवाज येईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता.