ट्यूबला तेल

मुंजाजी माणूस मेंढरांचा, पण तळं भरलं की मासेही धरायचा. त्याची नाव म्हणजे ट्रकच्या चाकाची ट्यूब. तीत हवा भरायची, मधे विणलेल्या दोरीवर बसायचं आणि हातांनी पाणी मारत खोल जागी जाळं लावायचं. पोहणं बेताचंच, त्यामुळं त्याचा सगळा भरवसा त्या रबरावर.

उन्हाळ्यात तळं आटलं की ट्यूब धुऊन, सावलीत वाळवून, पावडर लावून, थोडी हवा ठेवून तो स्वतःच आढ्याला टांगायचा. यंदा मात्र मेंढरं घेऊन परळीकडं चाऱ्याला निघायची घाई होती. जाता जाता बायकोला, चतुराबाईला, एवढंच म्हणाला, "ट्यूब नीट ठीव." आता नीट म्हणजे कशी, हे सांगायला काय जीभ झिजणार होती? पण नवऱ्यांचं असंच असतं.

चतुराबाईच्या माहेरी विहिरीवर चामड्याची मोट होती. काम संपलं की मोटेला तेल चोळून ठेवायचं, नाहीतर कातडं तडकतं, हे तिनं बापाकडून ऐकलेलं. तिनं तीच रीत ट्यूबला लावली. दर सोमवारी करडईचं तेल, तेही स्वतःच्या तळहातानं. भाजीत हात आखडणारी बाई, पण ट्यूबला सढळ हातानं तेल पाजलं.

पावसानं तळं भरलं आणि मुंजाजी परतला. चतुराबाईनं ट्यूब पुढ्यात आणून ठेवली.

"बगा, कशी मऊ हाय. तुमचा जीव हिच्यावर ऱ्हातो, म्हून लई जपली."

तेलानं रबर खलास होतं, हे मुंजाजीला ठाऊक होतं. पण बायकोचं तोंड असं फुललेलं, की त्याच्या तोंडून निघालं, "लई झ्याक ठिवलीस."

ट्यूब तरंगताना बघायला तीही तळ्यावर आली. मुंजाजीनं हवा भरली, विळ्यानं दोरी कापली आणि कमरेला घट्ट झाकणाचे दोन रिकामे डबे बांधले.

"डबे कावून?"

"असंच."

"असंच? आजवर कदी बांदले न्हाईत."

तिनं ट्यूबवर अंगठा दाबला. तो आत रुतला आणि काळा चिकटा घेऊन वर आला.

"ही फुटंल?" तिनं विचारलं.

"मधात गेल्यावर फुटंल. तेलानं रबर जातं."

"तुमाला कवा कळलं?"

"घरीच."

ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही, भडकली. "मला वाईट वाटू नये म्हून बुडायला निघालता? मंग म्या कुणाचं त्वांड बगायचं व्हतं?"

मुंजाजीची मान खाली गेली. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटलं. चतुराबाईनं त्याच्या हातातला विळा घेतला आणि ट्यूब उभी चिरून टाकली.

घराकडं चालताना ती म्हणाली, "आजून काय काय लपवलंय?"

मुंजाजीनं बराच विचार केला. "कालवणात मीठ लई असतं तुझ्या."

"कवापास्नं?"

"लगीन झाल्यापास्नं."

त्या दिवसापासून मुंजाजी खरं बोलायला लागला आणि चतुराबाई कालवण चाखून बघायला लागली. दोघांनाही त्याची सवय व्हायला दिवाळी उजाडली.