नगराध्यक्ष दाराबाहेर

पेतीत-आंस या आमच्या कोळ्यांच्या गावाचा नगराध्यक्ष अलीर थेरियो कवी आहे, नाटककार आहे, आणि खड्ड्यांच्या तक्रारींना उत्तर देतानाही यमक जुळवतो. मी पालिकेची चिटणीस. ती यमकं मी काढून टाकते. बारा वर्षं आमचं असं छान चाललंय.

दर उन्हाळ्यात तो नाटक लिहितो आणि गावातल्याच कुणाला तरी त्यात घालतो. पाववाला झाला, पाद्री झाला, पेन्सिल चावणारी चिटणीसही झाली. ज्याचं सोंग निघतं तो आठवडाभर फुगून बसतो, मग लॉबस्टर घेऊन अलीरच्या दारात उभा राहतो. राहिली होती फक्त झेलिका आशे, अख्ख्या गावाची मावशी आणि पालिकेची सदस्य.

यंदा मे महिन्यात धक्क्यावरच्या जुन्या शेडचा प्रश्न आला. पूर्वी तिथे मासे खारवत, आता अलीरची नाटकं होतात. ती पाडून गाड्या लावायला जागा करायची का? दोन मतं पाडा, दोन राखा, पाचवं मावशीचं. गावात तेवढं मोठं छप्पर दुसरं नाही. शेड गेली की नाटकं गेली.

शुक्रवारी मावशी कचेरीत येऊन बसली.

"काय गं, तुझ्या कवीला माझ्यात लिहिण्यासारखं काहीच दिसत नाही? पाववाल्याला घातलं! तो तर बोलतसुद्धा नाही!"

मी धावत अलीरकडे. "आजच्या आज दोन ओळी लिही तिच्यावर."

"चार वेळा लिहून फाडलं. तिचं बोलणं माझ्या हाताला येत नाही. आणि आता लिहिलं तर ती लाच होईल."

"मग कर नाटक चर्चच्या पायऱ्यांवर."

"करीन."

"पावसात?"

"छत्र्या आणा म्हणावं," तो म्हणाला, पण कान लाल झाले होते.

सोमवारी सभेत शेडचा विषय निघाला. शेडमधली नाटकं त्याचीच, म्हणून नियमाप्रमाणे अलीर बाहेर बाकावर जाऊन बसला. मी दार लावायला उठले.

"राहू दे गं उघडं, वारा येऊ दे," मावशी म्हणाली. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर अजून थंडी असते, वारा कुणी मागत नाही.

मग ती उभी राहिली. "या शेडमध्ये माझ्या आईनं छत्तीस उन्हाळे कॉड मासा खारवला. मिठानं बोटं अशी फाटायची की जपमाळ धरवायची नाही. देवाला म्हणायची, 'तूच मोज रे बाबा, माझे हात भरलेत.' आणि तिथे गाड्या? कुणाच्या? इथे पाहुणा येतो लग्नाला नाहीतर मयताला, आणि दोन्ही वेळा चालत येतो, कारण पिऊन परत जायचं असतं!"

पंधरा मिनिटं बोलली. शेड राहिली, तीन विरुद्ध दोन.

अलीरला आत बोलावलं तेव्हा त्याच्या हातातल्या विषयपत्रिकेचे चारही समास लिहून भरले होते.

पंधरा ऑगस्टला, आमच्या सणाच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे गावभर भांडी बडवत मिरवून झाल्यावर नाटक लागलं. मावशी पहिल्या रांगेत, पातेलं मांडीवर.

"अगं, छत्तीस! चौतीस काय? आणि हात कमरेवर ठेव!" तिचंच सोंग घेतलेल्या मुलीवर ती ओरडली.

बाकीचे आठवडाभर फुगायचे. मावशी दुसऱ्याच सकाळी लॉबस्टर घेऊन अलीरच्या दारात हजर.

"दुसऱ्या अंकात मी फार कमी आहे," म्हणाली.