सफरचंदाच्या बागेतली सार्मा

रानचेरी फुलली की गेलेली थंडी एकदा परत येते, हे विद्जेमे प्रांतातलं शेंबडं पोरही सांगेल. यंदा ती नेमकी सफरचंदं ऐन फुलोऱ्यात असताना परतली. पहाटे पारा शून्याखाली जाणार होता आणि ओयार्सचं वर्षाचं पीक त्या फुलांतच होतं.

ओल्या पेंढ्याचा धूर करायचा, ही त्याची जुनी रीत. गेल्या साली धूर वाऱ्यावर गेला, पाठोपाठ पीकही. म्हणून यंदा त्यानं शेतकीशास्त्र शिकून आलेल्या लेकीचं ऐकलं. झाडांवर पाणी फवारायचं.

"थंडीत पाणी?" शेजारची वेल्टा कुंपणावरून ओरडली. "पोरीचं नाव सार्मा ठेवलंस तेव्हाच म्हटलं होतं, ओयार्स! सार्मा म्हणजे फांद्यांवर गोठणारं दव; त्याला बागवाल्यानं घरात घ्यावं का?"

"जानेवारीत जन्मली ती. त्या सकाळी दव गोठून उघड्या फांद्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. वाटलं, बागच फुलली. दुसरं काय नाव ठेवणार?"

"भोग आता त्याची फळं!"

"फळं शरदात मोजू, काकू," सार्मा म्हणाली आणि तिनं पंप सुरू केला.

उजाडलं तेव्हा एकेक फूल काचेत घातल्यासारखं दिसत होतं. फांद्या बर्फानं वाकल्या होत्या. ओयार्स पंप बंद करायला धावला. सार्मा आडवी आली.

"बाबा, आता थांबवलंत तरच फुलं मरतील. पाणी गोठताना ऊब सोडतं, ती फुलाला मिळते. बर्फ आपणहून गळेपर्यंत पाणी चालू हवं."

"आणि तू चुकत असलीस तर?"

"नाही चुकत."

त्यानं पंपाकडे नेलेला हात खिशात घातला.

ऊन चढलं, बर्फ टपटपू लागला. सार्मानं एक फूल तोडून नखानं चिरलं. थंडीनं मेलेलं फूल आतून काळं पडतं. हे हिरवंगार होतं. दुसरंही, तिसरंही.

कुंपणाशी आलेल्या वेल्टानं ते चष्म्यापाशी धरून पाहिलं. मग आपल्या झाडाचं एक चिरलं. काळं.

"आजही पारा उतरणार म्हणे," ती म्हणाली. "माझ्या खालच्या फांद्यांवर कळ्या आहेत अजून. तुझा पाइप इथवर पोचेल का गं?"

"पोचवते."

"म्हणजे सार्माला घरात बोलावतेस?" ओयार्सनं विचारलं.

"बोलावते तर! जेवायलाच."