चाळीसच्या आत

म्हसावदच्या फाट्यावर जालमसिंग गिरासेचं गॅरेज आहे. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. इंजिन उघडलं की तो गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो, झिजलेलं बेरिंग त्याच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इंजिनाच्या बाबतीत जालमसिंग खोटं बोलत नाही, हे आसपासच्या गावांत लोक डोळे मिटून सांगतात.

धुडकूआप्पांच्या जुन्या जीपचं इंजिन त्याने पौषात नव्याने बांधून दिलं होतं. क्रँकची बेरिंगं इतकी झिजलेली की वरचा चंदेरी थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं; गाडी चालू केली की तळातून ठकठक यायची. जालमसिंगने क्रँक शहाद्याला लेथवर घासून आणली, नवी बेरिंगं घातली, एकेक बोल्ट स्वतः आवळला. गाडी ताब्यात देताना मग त्याने नेहमीचा दम भरला.

"आप्पा, तेल बदलाले येशात तोवर चाळीसना वर नेवानी नही. नहीतं इंजन जाम व्हई जाई, मंग मन्हाकडे येवानं नही."

आता यातली गोम धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या बेरिंगांना ताशी साठसुद्धा चालतं. पण साठ सांगितलं की माणूस ऐंशीने हाणतो, म्हणून चाळीस सांगायचं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने ते पाळलं नव्हतं आणि एकाचंही इंजिन त्यापायी जाम झालं नव्हतं.

धुडकूआप्पांनी मात्र पाळलं. हा माणूसच तसा. 'येथे थुंकू नये' लिहिलेल्या भिंतीजवळून जाताना तोंडात काही नसलं तरी ओठ मिटून जाणारा. दूधवाल्यांच्या मोटारसायकली त्यांच्या जीपला मागे टाकून जायच्या, पोरं हात हलवून हसायची, आणि आप्पा काट्यावर नजर ठेवून आपले चाळीसने चाललेले असायचे. शेजारी बायको दगूबाई बसलेल्या असत. त्यांचं कौतुक एवढंच, की गाडी आता आवाज करत नाही.

महाशिवरात्रीच्या आधी एका दुपारी दगूबाईंच्या छातीत कळ आली. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच नंदुरबारला हलवा म्हणाले. अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, आप्पांची जीप दारात उभी. नंदुरबारच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचेतो दगूबाई संपल्या होत्या. जालमसिंग बाराव्याला जाऊन आला होता. त्या दिवशी गाडी कशी नेली, हे तिथे कोणी बोललं नव्हतं आणि त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आज आप्पा तेल बदलायला आले.

जालमसिंगने जीपखाली पत्र्याचं घमेलं सरकवलं, बोल्ट काढला, खाली आलेलं तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरलं. धातूची चकाकी नाही. बेरिंगं सुरेख बसली होती. त्याने तसं सांगितलं.

"बसतीनच," आप्पा स्टुलावरून म्हणाले. "मी गाडी चाळीसना वर लईच नही गऊ. त्या दिनबी नही."

जालमसिंगचा हात जागीच थांबला. कोणता दिवस, हे विचारायची गरज नव्हती.

"जालमभाऊ, एक गोट इचारू? तू खरं सांगस म्हनीसन इचारस. त्या दिन मी ऐंशीवर लई जातू, ते इंजन जाम व्हई जातं का?"

काही म्हणजे काही झालं नसतं. ऐंशीने काय, नव्वदने नेली असती तरी ही बेरिंगं नंदुरबारपर्यंत सहज गेली असती. मागाहून थोडी घासली असती तर त्याने ती फुकट बदलून दिली असती. निम्म्या वेळात दवाखाना आला असता. हे सगळं जालमसिंगच्या जिभेवर होतं. समोर आप्पा होते, दाढी वाढलेले, उत्तराकडे डोळे लावून बसलेले. खरं सांगावं तर हा माणूस आज रात्रीच संपेल, आणि नाही संपला तर उरलेलं आयुष्य रोज तोच रस्ता चालेल. जालमसिंगला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. सवयीने दिलेला एक दम, आणि तो नेमका याच माणसाला दिला.

"व्हई जातं, आप्पा," तो म्हणाला. "रस्तामाच, प्रकाशा गावना पूलवर बंद पडती गाडी."

आप्पांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवस तो छातीत अडकून बसला असावा. खांदे खाली आले, डोळे भरले.

"मंग बरं व्हयनं. ती माले सांगे, जोरमा चाला. मी सांगं, गाडी जाम व्हई जाई, रस्तामाच अडकसूत. मंग ती बोलनी, हळूच चाला मंग. मन्हासाठे गाडी नका बिघाडू."

जालमसिंगने तोंड फिरवलं. घमेल्यात तेलाची धार बारीक होत आली होती, तिच्याकडे बघत तो ओठ दाबून उभा राहिला, पण हुंदका आवरला नाही. हातातल्या कळकट फडक्यात तोंड घालून तो रडला, आपली आई गेली तेव्हाही रडला नव्हता इतका.

आप्पा उठले. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यालाच समजवू लागले.

"रडू नको, भाऊ. तू सांगेल व्हतं म्हनीसन ती दवाखानाना दारपावत तरी पोचनी. रस्तामा अडकती ते माले जलमभर डंख ऱ्हाता. तुन्हा उपकार शेतस."

आणि त्या म्हाताऱ्या माणसाने त्याच्यासमोर हात जोडले. जालमसिंगने नको नको म्हणून ते धरायला हात पुढे केले, पण धरवले नाहीत. तेलाने माखलेले आपले हात त्यानेही जोडले.