नाव चिंधा

"आजबी टाकी दिन्हं माले," चिंधा म्हणाला.

ताराने पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा बापाच्या ओठांवरून फिरवला. चमचाभर पाणीही आता घशाखाली उतरत नव्हतं.

"कोनी टाकी दिन्हं, बा?"

"मरननी. सकायमा उनं व्हतं. माले नाव इचारं. मी सांगं, चिंधा. ते म्हने, हाई तं चिंधी शे! नी दिन्हं फेकी."

ताराला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. खाटेवर माणूस उरला नव्हता, नुसता सापळा होता. पण सुंभ जळाला तरी पीळ काही जात नव्हता.

नावाची गोष्ट सुरतेतल्या त्यांच्या सगळ्या नवागाम वस्तीला माहीत होती. साक्रीकडच्या गावी ताराच्या आजीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. आजी ख्रिस्ती, दर रविवारी मंडळीत पहिल्या रांगेत बसायची. पण चौथं मूल झालं तेव्हा तिने ते शेजारणीच्या पदरात टाकलं, आणि जुन्या लुगड्याची चिंधी देऊन परत विकत घेतलं. नाव ठेवलं चिंधा. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघत नाही, अशी त्या मुलखाची समजूत. गावच्या पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या वहीत 'शमुवेल' लिहिलं तेव्हा आजीने मान डोलावली, आणि घरी येऊन पुन्हा चिंधा म्हणूनच हाक मारली. देवावर तिचा विश्वास होता, पण सगळं ओझं एकाच खुंटीला टांगायची तिची तयारी नव्हती.

पुढे हा चिंधा सुरतेला आला आणि नेमका पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या फोल्डिंग खात्यात लागला. एकतीस वर्षं त्याने कापड तपासलं. टेबलावरून कापड दोन्ही हातांनी ओढायचं, ट्यूबलाइटखाली डाग, फाट, रंगातला फरक बघायचा आणि ओरडायचं. निर्दोष असेल तर "फ्रेश!", थोडा दोष असेल तर "सेकंड!" आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही त्याला, "चिंधी!" तो शब्द आला की खातंभर हशा. समोरच्या टेबलावरचा सुकदेव हमखास विचारायचा, "चिंधाभाऊ, सोतालेच हाक मारी का?" चिंधाही हसायचा. तारा त्याच खात्यात घड्या घालायच्या कामाला लागल्यावर तिच्यादेखतही हे चालायचं, आणि तिला त्याचा राग यायचा.

आई, उषाबाई, सहा वर्षांपूर्वी गेली. चार महिन्यांपूर्वी बापाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. तेव्हापासून ताराचं मिलमधलं काम सुटलं होतं. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, धुणं. कंबर अशी धरली होती की वाकल्यावर सरळ व्हायला भिंत लागायची. आईची जुनी सुती लुगडी फाडून तिने बापाच्या अंगाखाली घालायला तुकडे केले होते. रोज सकाळी ते धुवायचे, गॅलरीत वाळत घालायचे आणि दुपारी घडी करून पुन्हा तेच.

अकराला पुष्पाबाई आल्या. मंडळीच्या महिला सभेच्या त्या प्रमुख. स्वभावाने मऊ, आवाजाने खणखणीत. रोज येत, खाटेजवळ गुडघे टेकत.

"हे दयाळू प्रभू, तुझा सेवक शमुवेल याला स्पर्श कर. त्याला उठव, चालव, तुझ्या मंदिरात पुन्हा उभं कर!"

"आमेन," तारा म्हणाली.

पण तिच्या मनात दुसरंच होतं. ने त्याला, देवा, आता ने. महिनाभर हे वाक्य मनात आलं की ती ते मागे ढकलत होती. हे आपण बापासाठी मागतोय की आपल्या मोडलेल्या कंबरेसाठी, हे तिला कळत नव्हतं. ज्या मुलीला बाप नकोसा झाला तिचं देव कशाला ऐकेल, ही भीती तिला आतून खात होती. पूर्वी तिला प्रार्थना करताना कधी अडखळायला झालं नव्हतं. आता डोळे मिटले की नुसती झोप यायची.

पुष्पाबाई गेल्यावर चिंधाने मान वळवली.

"हाऊ शमुवेल कोन शे, वं? त्यानी तब्येत सुधरनी का?"

"बा, गंमत नको ना आते."

"गंमत नही, पोरी." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "वर बी त्याच नावनी हाक मारतीन, तं माले कसं समजी? माले त्या नावनी कोनी हाक मारीच नही. मी आठेच पडी ऱ्हासू."

बाप घाबरला होता. मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात हात गेला तेव्हाही न घाबरलेला बाप. त्याच्या खालचा तुकडा ओला झाला होता म्हणून ताराने त्याला कुशीवर घेतलं, ओला ओढून काढला, कोरडा सरकवला. आईच्या लुगड्याचा, जांभळ्या काठाचा. धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. तो सरकवतानाच तिला नाताळची गोष्ट आठवली.

"बा, येशू जलमना तवय त्याले कसामा गुंडाळं व्हतं?"

"बाळोतामा."

"बाळोतं म्हंजे काय? तू तं फोल्डिंगना मानूस."

चिंधाने अंगाखालचा काठ बोटांनी चाचपला. "जुनं लुगडं. फाडेल." मग म्हणाला, "चिंध्याच."

"मंग? त्याना अंगले पहिली चिंधीच लागनी. तो चिंधीले फेकी का? त्याले तुनं नाव ठाऊक शे, बा. वहीमातलं नही, खरं."

चिंधाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं.

"तं मंग तूच सांग त्याले," तो म्हणाला. "आपली बोलीमा सांग."

तारा खाली बसली. गुडघे टेकायची ताकद नव्हती, म्हणून खाटेच्या पायाला पाठ लावली. डोळेही मिटले नाहीत, झोप आली असती.

"देवबाप, हाऊ मना बाप. चिंधा. एकतीस वरीस उभा राहीसन काम करं त्यानी. आते तो थकना. मी बी थकनू. मी खोटं बोलस नही तुन्हापुढे. त्याले नाव लीसन हाक मार, नी लई जाय."

बोलून झालं आणि तिला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. उलट छातीवरचा दगड कोणीतरी हलकेच बाजूला ठेवावा तसं झालं. त्याचं दुखणं आणि आपलं थकणं एकाच श्वासात देवाला सांगितलं तरी चालतं, हे तिला आजवर कोणी शिकवलं नव्हतं.

"आमेन," चिंधा म्हणाला. कित्येक दिवसांत इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती तुकडे वाळत घालून आत आली तेव्हा तो गेला होता. चेहरा दाराकडे वळलेला, कोणी हाक मारली म्हणून बघावं तसा.

निरोप मिळताच सुकदेव मिलमधून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घेऊन आला. सुरतेच्या मंडळीचे पाळकसाहेब सभासदांची वही घेऊन आले.

"कबरीच्या क्रूसावर शमुवेल लिहायचं ना?"

"चिंधा लिहा," तारा म्हणाली.

"वहीत शमुवेल आहे, बेटा."

"वहीत राहू द्या. ज्या हाकेला ते ओ देतील, ते नाव लिहा."

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर 'चिंधा' लिहिलं.

सुकदेवने कापड दारातल्या उजेडात धरलं. दोन्ही हातांनी ओढत, टेबलावर ओढावं तसं, तो वीत वीत बघत गेला. टोकाजवळ तेलाचा डाग निघाला. त्याने सवयीने तेवढी पट्टी टर्रकन फाडली आणि सवयीनेच तोंड उघडलं, पण शब्द ओठातच राहिला.

"टाकू नको, काका. दे आठे," तारा म्हणाली.

बापाची हनुवटी बांधायची राहिली होती. तिने डाग आतल्या बाजूला घेतला, पट्टी हनुवटीखालून वर नेली आणि डोक्यावर गाठ मारली. लहान बाळाला टोपडं बांधतात तशी.

मग दोघांनी उरलेलं कापड त्याच्यावर पसरलं. सुकदेवने डोक्यापासून पायापर्यंत एकवार नजर फिरवली.

"फ्रेश," तो हळूच म्हणाला.