परक्या नावाचा पत्ता

पलीकडचा माणूस इतक्या अदबीने बोलत होता की गोकुळ कोळेकरने हातातला पाना खाली ठेवला आणि तो सावध झाला.

"नमस्कार. मी सम्यक दोशी, पुण्याहून. वेगधारा पंप कंपनीच्या कायदा विभागातून बोलतोय. 'वेगधारा सर्व्हिस संभाजीनगर डॉट इन' हा वेबसाइटचा पत्ता आपलाच ना?"

"माझाच. का?"

"वेगधारा हे आमचं नोंदवलेलं नाव आहे. ते पत्त्यात वापरायचा अधिकार फक्त कंपनीला आहे. तुम्ही तो पत्ता आमच्या नावावर करून द्या, विषय इथेच संपेल. अवघड काही नाही. तुम्हाला एक कोड मिळेल, तो मला सांगायचा."

कोड! गोकुळच्या अंगावर काटा आला. शेजारच्या चहावाल्या फकिराला गेल्याच महिन्यात असाच एक गोड बोलणारा भेटला होता. त्यानेही कोडच मागितला होता, आणि फकिराचं खातं धुऊन नेलं होतं. तेव्हापासून बँकेचा मेसेज आला तरी गोकुळ तो दोनदा वाचायचा.

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. पण काम काही सुचेना.

आता हा पत्ता त्याने घेतला कसा, ते सांगायला हवं. वाळूजच्या त्या गल्लीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे पाचसहा जण होते, आणि कुणालाही त्याच्या स्वतःच्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. जो ज्या कंपनीची मोटार चांगली उघडतो, तो त्या कंपनीचा. पाटीवर कंपनीचं नाव हातभर आणि मालकाचं असलंच तर कोपऱ्यात. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "वेगधारावाला कोणता?" पाटीचाच रिवाज गोकुळने वेबसाइटला लावला. नावात वेगधारा घातलं, मोटारीच्या खोक्यावरच्या कंपनीच्या निळ्या थेंबाचा फोटो काढून तो वरती डकवला, खाली स्वतःचा फोन नंबर दिला. यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. पुढे सिडकोपासून पैठण रोडपर्यंतचे फोन यायला लागले आणि शेंद्र्याच्या कारखान्यातली कंत्राटी पाळी त्याने सोडून दिली. दुकान चालायचं ते त्या पत्त्यावर.

संध्याकाळी त्याने वडिलांना सगळं सांगितलं. मुंजाबांचा जन्म मेंढरांमागे गेला होता, कन्नडचा बाजार त्यांना तळहातासारखा पाठ होता. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"खरा हाय का लबाड, येवढंच बघायचं ना? सोपं हाय. लई चढा भाव सांग."

"कशाचा भाव?"

"त्या तुझ्या पत्त्याचा. बाजारात नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही तेच करतो. मेंढरू दाखवायचं अन् आभाळायेवढा आकडा सांगायचा. खरा असंल तर चिडतो. म्हणतो, म्हाताऱ्या, डोकं फिरलं का? पाठ फिरवून जातो अन् परत येतो. लबाड चिडत नाय. गोड हसून 'बरं बरं' म्हणतो. त्याला द्यायचेच नसतात, मग चिडंल कशाला?"

गोकुळची बायको अक्षदा भाकरी थापता थापता म्हणाली, "उगं कशाला खाजवायचं? फोनच उचलू नका ना."

"तुला नाय कळायचं," सासरा म्हणाला. "चोर ओळखून ठेवावा."

गोकुळने मोबाइल घेतला आणि सम्यकला मेसेज लिहिला: 'पत्ता पाहिजे असल तर विकत घ्या.' पुढे असा आकडा टाकला, की तेवढ्यात वाळूजमध्ये आख्खा गाळा आला असता. त्याचं त्यालाच हसू आलं.

सकाळी उत्तर आलं. 'आपली मागणी लेखी कळवल्याबद्दल धन्यवाद.'

ना चिडणं, ना घासाघीस. मुंजाबांनी मांडीवर थाप मारली. "लबाड! सोळा आणे लबाड!" गोकुळने तो नंबर ब्लॉक केला आणि दिवसभर गल्लीत सांगत सुटला, आपण चोराला कसं उघडं पाडलं ते. फकिराने त्याला चहा फुकट पाजला.

महिनाभराने पोस्टमन जाडजूड पाकीट देऊन गेला. गोकुळने ते आधी उजेडात धरून पाहिलं, मग पोस्टमनलाच विचारलं, "हे खरं पोस्टाचं हाय का?" पोस्टमन म्हणाला, "मी खरा वाटतो का?" आणि सायकलवर टांग टाकून गेला.

आत इंग्रजी मजकूर होता. मधल्या एका पानावर गोकुळचाच तो मेसेज छापलेला होता. आकड्याखाली जाड रेघ ओढलेली. ती पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

अक्षदाची चुलत बहीण तनुजा अदालत रोडला वकिली करायची. तिने पाकीट शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि गोकुळकडे रोखून पाहिलं.

"दाजी, खरं सांगा. अशी आणखी किती कंपन्यांची नावं घेऊन ठेवलीत?"

"काय बोलताय ताई! एकच हाय."

"मला खोटं सांगाल तर मी काही करू शकणार नाही."

"आईशप्पथ एकच! तुम्हाला पण मी चोर वाटतो व्हय?"

"कागद वाचून तरी तसंच वाटतं," ती म्हणाली. "वेबसाइटच्या नावाचं भांडण झालं की लवाद नेमतात. तो बघतो, नाव त्यांच्या नावासारखं आहे का. आहेच. मग बघतो, ते घ्यायला तुमच्याकडे सरळ कारण होतं का. ते होतं. तुम्ही त्यांच्याच मोटारी दुरुस्त करता. साइटवर 'हे स्वतंत्र दुकान आहे, कंपनीचं नाही' एवढं एक वाक्य असतं, तरी मी भांडले असते. तुम्ही तर त्यांचा थेंबच लावून बसलात. बघणाऱ्याला वाटणार, कंपनीनेच दुकान टाकलंय."

"पाटीवर सगळेच लावतात."

"सगळे लावतात म्हणून ते बरोबर होत नाही. 'इथे वेगधाराच्या मोटारी दुरुस्त होतात' असं लिहिलं, तर ती माहिती झाली. दुकानालाच वेगधारा म्हटलं, तर ते दुसऱ्याचं नाव पांघरणं झालं. बरं, तेही समजावता आलं असतं. पण लवाद शेवटी दानत बघतो. नाव घ्यायचं आणि ज्याचं त्यालाच विकायला काढायचं, हा धंदाच आहे लोकांचा. हा मेसेज तुम्हीच पाठवला ना?"

"व्हय. पण ते त्याची परीक्षा बघायला. तो खरा हाय का नाय ते..."

"तो खरा निघाला, दाजी."

पाकिटात आणखी एक पान होतं. पत्ता तर ते घेणारच होते. शिवाय कोर्टात जाऊन दुकानाच्या पाटीवरही हे नाव कुठल्याच रीतीने लिहायला मनाई मागणार होते. तसं झालं तर वेगधाराची मोटार घेऊन या गाळ्याची पायरी कोण चढणार? शेंद्र्याची पाळी त्याला समोर दिसायला लागली.

तनुजाने पुण्याला फोन केला. सम्यक विक्रेत्यांच्या बैठकीसाठी वाळूजला येणारच होता, तिथेच भेटायचं ठरलं. मुंजाबा हट्टाने बरोबर आले.

सम्यक निघाला पंचविशीतला, सडपातळ. बसायच्या आधी त्याने आपला मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. "बोलणं रेकॉर्ड करतोय. हरकत नाही ना?"

"आमचंही होतंय," तनुजा म्हणाली.

मुंजाबांनी त्याचं ओळखपत्र मागून घेतलं, फोटो आणि चेहरा दोनतीनदा ताडून पाहिला आणि नाइलाजाने परत दिलं. मग गोकुळने बाजारातल्या परीक्षेची हकीगत सांगितली. सम्यक ऐकत होता, पण त्याचे डोळे काही मऊ झाले नाहीत.

"सापडल्यावर प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो."

"तू चिडला का नाय पण?" मुंजाबा एकदम तडकले. "खऱ्या गिऱ्हाइकानं चिडावं! 'बरं बरं' कशाला म्हणाला?"

सम्यक गोंधळला. "आम्हाला चिडायची परवानगी नसते, आजोबा. असा मेसेज आला की आभार मानायचे आणि जपून ठेवायचा. तसंच शिकवलंय."

"मंग तुम्ही त्याला फासात अडकवला म्हणा की!"

"बाबा!" गोकुळने त्यांचा हात दाबला.

तनुजाने कागद पुढे सरकवला. पत्ता कंपनीचा होणार. थेंब निघणार. कंपनी तक्रार मागे घेणार, कोर्टात जाणार नाही. गोकुळने पाटीवर स्वतःचं नाव मोठं लिहायचं आणि खाली, लहान अक्षरात, वेगधाराच्या मोटारी इथे दुरुस्त होतात एवढंच.

"मान्य आहे," सम्यक म्हणाला. "आधी कोड द्या. मग सही करतो."

"आधी सही," तनुजा म्हणाली.

"सही घेऊन कोड दिलाच नाही तर?"

"कोड घेऊन तुम्ही उठून गेलात तर?"

कुणीच हलेना. दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी सगळं ऐकत पडले होते. गोकुळच्या डोळ्यांसमोर कोर्टाचं ते पान होतं. त्याने खिशातून मोबाइल काढला, वेबसाइटचं खातं उघडलं आणि कोडचं एकेक अक्षर वाचायला लागला.

"नको सांगू, लेका!" मुंजाबा कळवळून म्हणाले. "सही होऊ दे!"

गोकुळ थांबला नाही. शेवटचं अक्षर संपलं. सम्यकने ते स्वतःच्या मोबाइलवर तपासलं, पुन्हा तपासलं. खिशाला हात लावला. पेन सापडेना. तनुजाने आपलं पुढे केलं, आणि त्याने सही केली.

पत्ता गेला तसा दुकानाचा फोन मुका झाला. गोकुळने नवा पत्ता घेतला. 'कोळेकर मोटार दुरुस्ती', साधा. पाटी रंगवणाऱ्यानेही विचारलं, "कंपनी सोडली का?" जुन्या गिऱ्हाइकांना गोकुळने एकेक मेसेज पाठवला. कुणी उत्तर देईना.

आठवड्याने शहरातल्याच सातारा परिसरातून द्वारकाबाईंचा फोन आला. त्यांची मोटार त्याने दोनदा उघडली होती.

"वेबसाइट बंद, नाव बदललं, अन् म्हणता तेच गोकुळ? आमच्या कॉलनीत सांगून ठेवलंय, असल्या मेसेजला भुलू नका."

"मीच हाय मावशी. आवाज ओळखू येत नाय का?"

"आवाज काय, आजकाल कुणाचाही काढतात. सांगा बरं, मागच्या खेपेला काय निघालं होतं मोटारीतून?"

गोकुळला हसावं की रडावं कळेना. "पाल. पंख्याच्या झाकणात बसली होती. तुम्ही जिना चढून गच्चीवर पळालात."

द्वारकाबाईंचा आवाज जरा उतरला.

"बरं, या. मोटार परत बंद पडलीय. पण फाटकाबाहेर थांबायचं. सून कामावरून येईल, ती बघंल, मग आत."

गोकुळ हत्यारांची पिशवी घेऊन गेला. द्वारकाबाई खिडकीच्या पडद्याआडून त्याच्याकडे बघत होत्या. त्याने ऊन चुकवायला भिंतीची सावली धरली, पिशवी पायाशी ठेवली आणि सुनेच्या स्कूटीची वाट पाहत उभा राहिला.