कासवाचा नमस्कार

दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग साचला होता की शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात शिरायला त्या पायाने बाजूला साराव्या लागत होत्या. आत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बेताच्या बैठकीच्या खोलीत, माणसं दाटीवाटीने बसून एका केर काढणाऱ्या यंत्राकडे टक लावून बघत होती.

यंत्र म्हणजे ताटाएवढा, गोल, पांढरा रोबो. बटण दाबलं की आपला आपण घरभर फिरून धूळ ओढायचा. सासूबाईंनी त्याचं नाव कासव ठेवलं होतं. कासव सोफ्याखालून बाहेर आलं, टीपॉयला वळसा घालून कोपऱ्यातल्या लाकडी आरामखुर्चीकडे निघालं. खोलीत चिडीचूप शांतता झाली. खुर्चीखाली काळा गालिचा अंथरलेला होता. त्याच्या कडेशी येऊन कासव थबकलं. मागे सरलं, जरासं वळलं, पुन्हा पुढे गेलं आणि पुन्हा थबकलं.

"एक," समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पुटपुटल्या. "दोन. तीन. केला बघा नमस्कार."

कासवाने कधी दोनदाच केलं तर तिसरा नमस्कार काकू पदरचा घालत, ही गोष्ट वेगळी. नमस्कार संपवून कासव वळलं आणि भिंतीशी काळ्या घोंगडीवर बसलेल्या स्पंदनगुरूंकडे गेलं. घोंगडीच्या कडेशीही तसंच, थांबणं, मागे सरणं, वळणं. लोकांच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला.

"यंत्राला मन नाही," गुरू डोळे मिटून म्हणाले, "म्हणूनच त्याला खोटं वागता येत नाही. तुम्हाला जे दिसत नाही ते त्याला जाणवतं. घर हे शरीर आहे. सोफा हे घराचं यकृत. पडदे म्हणजे पापण्या. आणि खुर्ची, खुर्ची हा घराचा कणा."

"आणि फ्रीज?" मागून कुणीतरी अगदी मनापासून विचारलं.

"फ्रीज पुढच्या बैठकीला," गुरू म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती पडद्या-गालिच्यांच्या दुकानात कामाला होती. आजवर तिने कितीतरी घरांचे पडदे मापून दिले होते, पण पापणी म्हणून एकही विकला नव्हता. बाकी काही असो, हसू गिळण्याची सवय तिला दुकानामुळे चांगली लागली होती.

आरामखुर्ची नानांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. ते गेल्याला वर्ष होत आलं होतं. काळा गालिचा तिनेच दुकानातून आणून दिला होता. नाना चहा सांडायचे आणि मग डाग लपवायला गालिच्यावर पेपर पसरून बसायचे, म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, "मला आपला काळा आण. डाग पडला तरी आमची अब्रू झाकलेली राहील." कासव आलं ते नानांच्या नंतर. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धूळ दिसायची नाही आणि दिसत नाही हे कबूल करायचं नाही, म्हणून मुलाने यंत्र घेतलं. पहिल्याच आठवड्यात ते खुर्चीपुढे अडखळलं. त्या वेळी समोरच्या काकू नेमक्या तिथे बसल्या होत्या, आणि काकूंना कळलं म्हणजे गावाला कळलं. चौथ्या दिवशी त्या आपल्या गुरूंना घेऊन दारात हजर.

इथवर सुनेला गंमतच वाटत होती. गुरू पैशाला हात लावत नसत, आणि खरंच लावत नसत. दाराशी ठेवलेला डबा त्यांचा शिष्य उचलायचा. पण दुसऱ्या बैठकीत गुरूंनी खुर्चीकडे बघत मान डोलावली आणि आवाज खाली आणला. "नाना इथेच आहेत. त्यांची एकच इच्छा आहे. या घरातल्या कुणाच्या अंगाला एवढ्यात हत्यार लागू नये."

हत्यार लागायचं होतं ते एकाच माणसाला. येत्या गुरुवारी सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हे गुरूंना कसं कळलं, याचं उत्तर समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होतं.

"मी नाही करणार गं ऑपरेशन," सासूबाईंनी त्या रात्री जेवताना सांगून टाकलं. "त्यांना नको असेल तर नको."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आमटीकडे बघितलं. नंतर भांडी लावताना तो हळूच म्हणाला, "तिला बरं वाटतंय ना? असू दे थोडे दिवस."

"डोळे थोडे दिवस थांबतील का?" ती म्हणाली. त्याने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

सोमवारी ती सासूबाईंना ऑपरेशन नको हे निदान डॉक्टरीणबाईंना तोंडाने सांगायला म्हणून दवाखान्यात घेऊन गेली. दवाखान्याचं दार काचेचं, फरशी पांढरी स्वच्छ, आणि उंबऱ्याशी एक मोठं काळं पायपुसणं. सासूबाई तिथवर नीट चालत आल्या आणि थबकल्या. उचललेला पाय मागे घेतला. जरा वळून पुन्हा पुढे टाकायला गेल्या, पुन्हा मागे घेतला.

"काय झालं, आई?"

"अगं, खड्डा आहे ना इथं? काही झाकण वगैरे घालायचं."

"पायपुसणं आहे, आई."

"हो का? मग रंग तरी बरा आणायचा," असं म्हणून सासूबाई सुनेचा हात धरून त्यावरून गेल्या. सून मात्र पलीकडे जाऊन मागे पायपुसण्याकडे बघत उभी राहिली. थांबणं, मागे सरणं, वळणं. हे तिने कुठे बघितलं होतं ते तिला लगेच आठवलं, आणि आपण इतके दिवस नुसतं हसत बसलो याचा तिला मनापासून राग आला.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि आडपडदा न ठेवता बोलल्या. "मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी लांबवलात तर डोळ्यात दाब वाढू शकतो, आणि त्याने गेलेली नजर मला परत आणता येणार नाही. गुरुवारची वेळ मी ठेवते. बुधवारी सकाळपर्यंत कळवा."

सुनेने विचारलं, "डॉक्टर, दारातलं पायपुसणं यांना खड्डा कसा वाटला?"

"वाटणारच. ते बदला म्हणून सांगून मी थकले. आपल्याला वस्तू दिसते, कारण तिच्यावरून उजेड परत डोळ्यात येतो. काळ्यावरून तो फारसा येतच नाही. नजर चांगली असली तर बाकीच्या खुणांवरून कळतं. अधू असली की तिथं काही नाहीच, नुसतं खोल आहे, असं वाटतं."

घरी आल्यावर सुनेने कासवाला उचलून पालथं केलं. ब्रश, चाकं, केसांचा गुंता, आणि पुढच्या कडेला ओळीने नखाएवढ्या काळसर काचा. जिन्यावरून गडगडू नये म्हणून दिलेले हे त्याचे डोळे. ते खाली उजेड टाकतात आणि तो परत येतो का ते बघतात. आला तर पुढे जमीन आहे. नाही आला तर समोर जिना आहे, मागे फिरा. म्हणजे नानांच्या काळ्या गालिच्यापुढे कासव रोज नमस्कार करत नव्हतं, बिचारं जीव मुठीत धरून मागे फिरत होतं.

पण मग गुरूंपुढे? तिने पहिली बैठक आठवली. त्या दिवशी गुरू काकूंनी आणलेल्या पांढऱ्या चादरीवर बसले होते, आणि कासव सरळ येऊन त्यांच्या गुडघ्यावर आपटलं होतं. तो चरणस्पर्श आहे असं तेव्हा ठरलं. काळी घोंगडी काखेत आली ती दुसऱ्या बैठकीपासून. सून पालथ्या कासवाशेजारी फरशीवर बसली आणि एकटीच हसली. गुरूंना स्पंदनं कळोत न कळोत, गालिचे मात्र तिच्याआधी कळले होते.

मंगळवारी संध्याकाळी बैठक भरली. गुरू आले, घोंगडी अंथरली, शिष्याने डबा ठेवला. खुर्चीखाली काळ्या गालिच्याऐवजी मलईच्या रंगाचा गालिचा बघून काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"काळा धुवायला टाकलाय," सून म्हणाली. "हा दुकानातून मागून आणला. वीण तीच, जाडी तीच, मापही तेच. फक्त रंग वेगळा. चालेल ना गुरुजी?"

"रंगाला काय महत्त्व?" गुरू हसले. "महत्त्व स्थानाला. सुरू करा."

सुनेने बटण दाबलं. कासव सोफ्याखालून निघालं, टीपॉयला वळसा घालून खुर्चीकडे आलं. काकूंनी "एक" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. कासव न थबकता गालिच्यावर चढलं, खुर्चीच्या पायावर टक्कन आपटलं आणि खुर्चीखाली मजेत ब्रश फिरवू लागलं.

खोलीत कुजबुज झाली. गुरूंनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. "नाना आज प्रसन्न आहेत. त्यांनी त्याला जवळ बोलावलं."

"बरं झालं," सून म्हणाली. तिने दोरीवरची नवऱ्याची ऑफिसची काळी पँट आणून स्वयंपाकघराच्या वाटेवर अंथरली. कासव फिरत फिरत तिकडे गेलं. पँटच्या कडेशी थबकलं, मागे सरलं, वळलं, पुन्हा थबकलं. या वेळी कुणाला पदरचं काही घालावं लागलं नाही. तिन्ही नमस्कार चोख झाले.

"आता इथे कोण आहे, गुरुजी?" तिने विचारलं.

"वस्त्रात... वस्त्र धारण करणाऱ्याची स्पंदनं उरतात."

"मी आहे ना अजून," नवरा कोपऱ्यातून म्हणाला. त्या महिन्यात त्याने घेतलेली ती पहिली बाजू होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू खोलीभर पसरलं. सुनेने कासव उचलून पालथं केलं, काचा दाखवल्या, उजेडाची गोष्ट सांगितली. लोकांना ती पटायला वेळ लागला नाही, कारण लगेच जो तो स्वतः करून बघायला लागला. कुणी छत्रीचं काळं कापड पसरलं, कुणी पिशवी. समोरच्या काकू उठून घरी गेल्या आणि आपली काळी शाल घेऊन आल्या. कासवाने शालीलाही मान दिला. "माझ्या शालीला करतंय," काकू म्हणाल्या. आवाजात निराशा होती आणि थोडा अभिमानही.

शेवटी सुनेने धुतलेली पांढरी चादर आणली. "गुरुजी, जरा उठता का? घोंगडीवर ही घालते. पहिल्या दिवशी तुम्ही चादरीवर होतात, तेव्हा हे येऊन आपटलं होतं. नंतर तुम्ही घोंगडी आणायला लागलात. ते कसं सुचलं तेवढं सांगा."

गुरूंनी घोंगडीची घडी केली. या घरातली स्पंदनं दूषित झाली आहेत, एवढं बोलून ते निघाले, आणि त्यांच्यामागे डबा घेऊन शिष्य. फ्रीजचं कायमचं राहून गेलं.

सगळे पांगल्यावर सासूबाई खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या. लोकांपुढे जिंकताना आपण यांचं काय हिसकावून घेतलं, हे सुनेला आत्ता कळत होतं.

"म्हणजे ते नाहीत तिथं," सासूबाई म्हणाल्या.

"नाहीत, आई."

"मला का माहीत नव्हतं? पण एक सांगू? आत्ता मला सगळं अंधुक दिसतं ना, तर संध्याकाळी इथं कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. पेपर घेऊन. डोळा झाला की खुर्ची रिकामी दिसेल. म्हणून मला ते गुरूचं बोलणं बरं वाटलं."

सून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. गोड काहीतरी सांगावं असं तिला वाटलं, पण आज खोटं पुष्कळ झालं होतं. "रिकामीच दिसेल," ती म्हणाली. "पण त्यांच्या कोपराने खुर्चीच्या उजव्या हाताचं पॉलिश पार गेलंय, लाकूड गुळगुळीत झालंय. ते तुम्ही कधी बघितलंच नाही. तेही दिसेल."

सासूबाईंनी हात लांब करून खुर्चीचा हात चाचपला. बराच वेळ त्यांची बोटं तिथेच फिरत राहिली. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी फोन कर त्या बाईंना."

ऑपरेशन गुरुवारी झालं आणि नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर सासूबाई आधी खुर्चीकडे गेल्या. वाकून तो झिजलेला हात जवळून बघितला. डोळ्यात पाणी आलं, तशी सून धावली, "चोळू नका हं." त्यांनी चोळलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मग मान वर करून त्यांनी पंखा बघितला, कपाटाचा माथा बघितला, पडद्यांच्या दांड्या बघितल्या.

"एवढी धूळ?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इतके दिवस मला सांगत होता, घर आरशासारखं आहे म्हणून?"

नवऱ्याने पुन्हा एकदा दुसरीकडे बघण्याचा प्रयत्न केला, पण आता आईला तो प्रयत्नही स्पष्ट दिसत होता.

महिन्याभराने काकू धापा टाकत आल्या. पलीकडच्या गल्लीत एका बाईंच्या घरी कपाटाचं दार म्हणे आपोआप उघडतं, रोज संध्याकाळी. बघायला गर्दी लोटली होती. "येता का?" काकूंनी विचारलं.

"येते की," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "बघायला काय हरकत आहे? पण जाताना एक वाटीभर पाणी घेऊन जाऊ. तिथल्या फरशीवर ओतू आणि कुठे वाहतं ते बघू. फरशीला उतार निघाला तर कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा घालून येऊ. आणि काकू, इथून पुढे कुठेही हात जोडायच्या आधी खाली काय अंथरलंय ते बघत जा. त्याला गुरू लागत नाही, उजेड लागतो. वाटी तेवढी तुमची घ्या."